अर्धा वळसा किराईत

नांदे गावात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीणबाईंनी मला दारातच चार प्रश्न विचारले. लग्न झालंय का, गाडी कुठं लावणार, दारू पिता का आणि काम काय करता. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी खरी दिली. तिसऱ्याचंही खरंच दिलं, कारण मी पीत नाही. मी वाइन तोंडात घेते, खुळखुळवते आणि थुंकते, मला पगारच त्याचा मिळतो. चौथ्या प्रश्नाला मात्र उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! म्हणाले, "अर्क काढायच्या कंपनीत आहे, मावशी. औषधी मुळ्या, पाला, असलं काहीतरी."

आता तुम्हीच सांगा, भाड्याच्या खोलीसाठी कोण पूर्ण खरं बोलतं हो? आमच्याच मजल्यावर एकीनं मांजर लपवलं होतं आणि एकानं तबला. पण माझं खोटं जरा वेगळं होतं, कारण मावशींनी लगेच दारूचा विषय का काढला ते सांगितलं. आधीचे भाडेकरू हिंजवडीत कामाला होते. रिकाम्या बाटल्या खिडकीतून खाली मेथीच्या वाफ्यात टाकायचे. मावशींच्या गाईच्या खुरात काच गेली.

"तीन म्हयनं लंगडत व्हती," मावशी म्हणाल्या. "तवापासनं ठरवलंय. दारूवाल्याला हितं जागा न्हाई. पिणारा असू दे, न्हाईतर करणारा."

"अगदी बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले, आणि बॅगा वर नेल्या.

मी मूळची बार्शीची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि पौडच्या पुढं एका लहानशा वायनरीत नोकरीला लागले. मुळशीच्या पावसात द्राक्षं टिकत नाहीत, त्यामुळे आमच्याकडे मळा नाही. तयार वाइन टँकरनं येते आणि आम्ही तिचं पुढचं बघतो. मालक काही वर्षं इटलीत काम करून आलेले, माणूस भला, पण डोक्यात एकच किडा. त्यांना गोड तांबडी इटालियन व्हर्मूथ करायची होती. ती मी करायची आणि दिवाळीच्या आत करायची, असं मला पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं.

हा प्रकार काय असतो ते आधी सांगते, कारण माझ्या आईला अजून नीट कळलेलं नाही. तांबडी म्हटल्यावर वाटतं की काळ्या द्राक्षांची असणार. छे! ती बहुतेक वेळा पांढऱ्या वाइनचीच असते, आणि तीही अगदी साध्या, स्वतःचा फारसा तोरा नसलेल्या वाइनची. त्यात थोडा शुद्ध मद्यार्क घालतात, म्हणजे ती टिकते. मग कडू पाला, मुळ्या, साली आणि मसाले मद्यार्कात भिजवून त्यांचा उतारा घालतात. मग साखर. आणि तो सुंदर तांबूस रंग? तो करपवलेल्या साखरेचा! हे कळलं तेव्हा मी मालकांना म्हणाले, "म्हणजे फसवणूकच की ही." ते म्हणाले, "फसवणूक नाही, स्वयंपाक आहे."

या सगळ्यात मुख्य असतो तो वर्मवूड नावाचा कडूजहर पाला. व्हर्मूथला नावच त्याच्यावरून पडलंय. तो आपल्या बाजारात सहज मिळत नाही. मालकांनी इटलीहून मागवला, पुडा कस्टममध्ये अडकला, मालकांनी तिथं खेटे घातले आणि शेवटी दोन मुठी पाला माझ्या टेबलावर येऊन पडला. मालक म्हणाले, "जपून वापरा. वर्षभर पुरवायचाय."

आणि मी काय केलं? पातेल्यात वाइन ओतली, सगळा पाला टाकला, दालचिनी टाकली, संत्र्याची साल टाकली आणि गॅसवर ठेवून एकाचं अर्धं होईपर्यंत उकळलं. मद्यार्क पाण्याआधी उडतो हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. पण आमच्या घरात कडू पाला दिसला की हात आपोआप गॅसकडे जातो, त्याला मी तरी काय करू? लहानपणापासून पडसं झालं की काढा, ताप आला की काढा. शिक्षण कुठल्या कुठं गेलं आणि हातानं आपलं काम केलं. मालकांनी चमचाभर चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "सर्दी नक्की जाईल." मग रिकामा पुडा त्यांच्या नजरेस पडला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खुर्चीत बसले.

त्या संध्याकाळी मी जिन्याच्या पायरीवर बसून चरफडत होते. हातात पुड्याच्या तळाशी सापडलेली वर्मवूडची एकच काडी होती. मावशी पाण्याची मोटर बंद करायला आल्या. साठीच्या पुढच्या, पायात लेकीनं दिलेले स्पोर्ट्स शूज, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. माझ्या हातातली काडी त्यांनी न विचारता काढून घेतली, चुरगाळली, नाकाशी नेली.

"दवणा हाय का? न्हाई, दवणा न्हाई. दवण्याच्या घरातलाच कुनीतरी हाय, पर लई रागीट हाय."

त्या आत गेल्या आणि देव्हाऱ्यातून सुकलेला दवणा घेऊन आल्या, चैत्रात देवाला वाहतात तो. मी दोन्ही एकामागून एक हुंगले, आणि खरंच, एकाच कुळातले! नंतर पुस्तकात पाहिलं, तर शास्त्रीय नावात दोघांचं आडनावही एकच निघालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. इटलीहून पुडा मागवून कस्टमच्या पायऱ्या झिजवल्या, आणि ज्याचा शोध होता त्याचा चुलतभाऊ खालच्या मजल्यावर देव्हाऱ्यात बसलेला.

"कशासाठी पायजे तुझ्या कंपनीला?" मावशींनी विचारलं.

"जेवणाआधी घोटभर घ्यायचं असतं, मावशी. भूक लागायला." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"मग नुसता दवणा घिऊन काय करतीस? किराईत पायजे. थांब."

त्यांनी स्टीलचा डबा आणला. आत कडू किराईत, वेखंड, जायफळ, सुंठ, ज्येष्ठमध, नागरमोथा, हिरडा, सगळं वेगवेगळ्या चिंध्यांत गुंडाळलेलं. हा बाळगुटीचा डबा होता. त्याच्याबरोबर जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली सहाण. चंदन उगाळायची असते तशी पाय कोरलेली नव्हे. भाकरीएवढा गोल, काळा, सपाट दगड. एका बाजूला मधोमध गुळगुळीत खळगा पडलेला आणि दुसरी बाजू कोरी, फडक्यावर टेकायची. मावशींच्या सासूची ती सहाण. गावातल्या कितीतरी बाळांची गुटी त्या खळग्यात उगाळली गेली होती. बायका बाळं घेऊन मावशींच्या दारात यायच्या. आता कोण येतंय? शेतं जाऊन इमारती उभ्या राहिल्या आणि इमारतीतल्या बायकांना गुटी माहीत नाही.

"पर माझी लेक येतीया बाळंतपणाला," मावशी म्हणाल्या. त्यांची लेक जांबे गावात राहायची, तिथल्याच एका ऑफिसात कामाला होती, आणि तिला पाचवा महिना होता. "तिच्या बाळाला हिच्यावरच उगाळून देणार. म्हनून जपून ठिवलीया." हे सांगताना त्यांचा हात दगडावरून असा फिरत होता की मला माझी आई आठवली.

मग वर्मवूडच्या जागी दवणा आणि किराईत धरून आमचा उद्योग सुरू झाला. रोज संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात मी फरशीवर बसायची आणि मावशी खळग्यात चार थेंब पाणी घालून एकेक मुळी उगाळायच्या. गुटीचं माप ग्रॅममध्ये नसतं, वळशांत असतं. सुंठेचे दोन वळसे, जायफळाचा एक, वेखंडाचा एक, म्हणजे ती मुळी दगडावर तितक्याच वेळा गोल फिरवायची. माझ्याकडे मिलिग्रॅम मोजणारा काटा होता. पण काट्यावर मोजून, भिजवून, गाळून एक चव तयार व्हायला पंधरा दिवस लागायचे, आणि मावशी एका संध्याकाळी दहा चवी करून दाखवायच्या. मी वही घेऊन वळसे लिहून काढायची आणि कारखान्यात जाऊन त्यांचे ग्रॅम करायची.

कडू किती घालायचं हे मला काही केल्या जमत नव्हतं. कमी घातलं की सरबत, जास्त घातलं की परत काढा. मावशींनी ते एका वाक्यात सोडवलं.

"बाळानं तोंड वाकडं करावं, पर रडू न्हाई. तेवढंच कडू. किराईत अर्धा वळसा, बास."

मी ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. इटलीतल्या कुठल्याही म्हाताऱ्यानं याहून नीट सांगितलं नसतं, असं मालकसुद्धा म्हणाले. साखर करपवायलाही मावशींनीच शिकवलं. लोखंडी कढईत कोरडी साखर घालून ती वितळून लालसर होऊ द्यायची, मग काळसर, आणि धूर निघायच्या क्षणी पाण्याचा हबका. "घाबरलीस की पिवळी ऱ्हाती, आन् ऱ्हायलीस बघत की कोळसा हुतो," असं म्हणत त्यांनी माझ्या दोन कढया वाया घालवल्या आणि तिसरी जमवून घेतली. त्या मला हाक मारायच्या "ए बार्शीवाली." वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जायची. मला फार बरं वाटायचं.

आणि मग मी माती खाल्ली.

मालकांनी सांगितलं होतं की उद्या सकाळी शेवटचं मिश्रण चाखणार, तेव्हा ठरेल हे पुढं न्यायचं की बंद करायचं. पण दवणा आणि दालचिनी पाण्यात पूर्ण खुलत नाहीत. त्यांचा वास तेलात असतो आणि तो मद्यार्कातच उतरतो. मावशी त्या दिवशी सातबाऱ्याच्या कामासाठी एसटीनं पौडला तहसीलमध्ये गेल्या होत्या आणि किल्ली नेहमीप्रमाणे मला देऊन गेल्या होत्या. मी कारखान्यातून मद्यार्काची लहान बाटली घेऊन आले होते. ती पर्समध्ये घालून त्यांच्या उंबऱ्याच्या आत नेली, सहाण काढली, खळग्यात पाण्याऐवजी मद्यार्क घातला आणि उगाळलं. काय वास सुटला म्हणून सांगू! मी एकटीच हसत होते. उगाळलेलं बाटलीत भरून घेतलं, सांडलेलं फडक्यानं टिपलं, मग सहाण साबणानं घासली, पुसली, त्याच फडक्यात बांधून जागच्या जागी ठेवली. मनात म्हटलं, दगडच तर आहे.

दुसऱ्या दिवशी मालकांनी चाखलं. तोंड किंचित वाकडं केलं. थांबले. मग परत एक घोट घेतला. मला वहीतलं वाक्य आठवलं आणि मी टेबलाखाली मूठ आवळली. "हीच," ते म्हणाले. नोकरी वाचली, व्हर्मूथ वाचली. येताना मी मावशींसाठी पेढे घेऊन आले.

पेढ्यांचा पुडा फुटण्याआधीच भांडं फुटलं. लेक जांब्याहून आली होती आणि मावशी तिला सहाण दाखवत होत्या. फडकं सोडलं आणि मावशींचं नाक वर गेलं. त्या नाकाला मी कशी विसरले देव जाणे!

"ह्याला कसला वास येतुया गं?"

लेकीनं वाकून हुंगलं. "आई, हा तर व्होडकासारखा..." आणि ती मध्येच थांबली.

"तुला गं काय म्हाईत व्होडकाचा वास?"

दुसरा कुठलाही दिवस असता तर मी पोट धरून हसले असते. पण माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. पेढे हातात धरून मी तिथंच उभी राहून सगळं सांगितलं. कंपनी कसली, अर्क कसला, पर्समधून काय आणलं, कशात उगाळलं. एकदा सुरू झाल्यावर मला थांबताच येईना. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता म्हणतील खोली खाली कर. तसं म्हणाल्या असत्या तर निदान भांडता आलं असतं.

"दारू करतीस ते ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पर सहाण बाळाची व्हती गं."

त्यांनी ती फडक्यात बांधली आणि माळ्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली, "मॅडम, पाणी आलंय." मॅडम! उभ्या जन्मात माझा एवढा मोठा अपमान कुणी केलेला नाही. त्या दिवसापासून मी मॅडम झाले. "मॅडम, तुमचं पार्सल." "मॅडम, गाडी जरा सरकवा." शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, पण अहो-जाहो करून बाईनं मला पार परकं करून टाकलं. मी पुण्याच्या मंडईमागून एक सुंदर, पाय कोरलेली नवी सहाण आणून दिली. मावशींनी "कशाला त्रास घेतला, मॅडम" म्हणून ती घेतली आणि कैरीच्या लोणच्यावर दडपण म्हणून ठेवली. पुढं सगळा पावसाळा ती बरणीवर बसून होती आणि मी येता-जाता तिच्याकडे बघत होते.

जूनमध्ये लेक बाळंत झाली. मुलगी. डॉक्टरांनी बजावलं की सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही म्हणजे काही द्यायचं नाही. मावशींनी डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग सगळं तंतोतंत पाळलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली. मीही जिन्यातून त्या फुल्या मोजायची. सहा महिन्यांनी सहाण माळ्यावरून उतरते की नवी येते की गुटीच बंद होते, हे कळणार होतं. माझ्यामुळे त्या पोरीला आजीच्या हातची गुटी मिळाली नाही तर मी स्वतःला कधी माफ करणार नव्हते.

तिकडं व्हर्मूथ आपल्या गतीनं चालली होती. प्रत्येक मुळी-पाला आपापल्या बरणीत वेगळा भिजला, रोज हलवला गेला, गाळला गेला. मग वाइन, उतारे, साखर, करपवलेला पाक हे सगळं एकत्र झालं आणि टाकी थंड खोलीत महिनाभर गप्प उभी राहिली, म्हणजे चवी एकमेकींशी भांडणं मिटवतात. दिवाळीच्या आत बाटल्या भरल्या. मालक म्हणाले, कृती नीट ग्रॅममध्ये लिहून काढा. मी लिहून काढली, पण शेजारी वळसेही ठेवले. घरी येऊन मावशींना म्हणाले, "झाली, मावशी. चांगली झाली."

"बरं, मॅडम," त्या म्हणाल्या आणि मेथी निवडत राहिल्या.

डिसेंबरात एका सकाळी मी वर केस विंचरत होते. खालून आवाज आला.

"ए बार्शीवाली! खाली ये!"

कंगवा कुठं पडला ते मला अजून कळलेलं नाही. मी धावत खाली गेले. स्वयंपाकघरात लेक मांडीवर बाळ घेऊन बसली होती. समोर पाटावर ती जुनी सहाण. पण खळगा दिसत नव्हता. मावशींनी दगड उलटा ठेवला होता.

"खळगा तुझ्या दारूला गेला," त्या म्हणाल्या. "तो आता खालीच ऱ्हानार. ही बाजू कोरी हाय. सासूबाईंनी बी कधी वापरली न्हाई. हिच्यावर मुळी घसरती, लई जोर लागतुया. माझ्या मनगटात आता तेवढा जीव न्हाई."

त्यांनी ज्येष्ठमधाची कांडी माझ्यापुढं धरली.

"तू उगाळ. वळसे मी मोजते."

"मी? मावशी, माझ्या हातानं?"

"खळगा तू घालवलास, मग नवा कोन पाडनार? मी? हात धू आधी. साबणानं. दोनदा."

मी तीनदा धुतले. उकळून गार केलेल्या पाण्याचे चार थेंब त्या कोऱ्या दगडावर टाकले आणि कांडी फिरवली. ती खरंच घसरत होती. मावशी माझ्या कानाशी बसून मोजत होत्या, "येक... हळू, टाकी न्हाई ढवळायची... दोन." मग जायफळ, मग सुंठ. शेवटी त्यांनी किराईत माझ्या हातात दिलं, आणि किती ते सांगितलं नाही. नुसत्या बघत राहिल्या. मी अर्धा वळसा फिरवला आणि थांबले.

लेकीनं चांदीच्या लहान चमच्यानं ते बाळाच्या जिभेला लावलं. बाळानं आमच्या तिघींकडे आळीपाळीनं पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि तोंड असं काही वाकडं केलं की लेक घाबरली. पोरगी रडली नाही. जीभ बाहेर काढून तिनं अजून मागितलं.

रडले मी. चांगली हुंदके देऊन रडले.

"आता तुला काय झालं?" मावशी म्हणाल्या आणि पदरानं सहाण पुसायला लागल्या. "उद्या सातला खाली ये. उशीर केलास तर बघ, बार्शीवाली."